बऱ्या दिवसांतली कामं : घरात मनोविकार आला की कुठे जायचं, कोणते कागद करायचे

रात्रीचे दोन वाजलेले. दादाला घेऊन आम्ही एका रुग्णालयाच्या अपघात विभागात उभे. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरने विचारलं, "आधीची औषधं कोणती?" आई म्हणाली, "एक पांढरी बारीक गोळी, रात्रीची. आणि एक अर्धी." केसपेपर घरी, कपाटात, लग्नाच्या अल्बमखाली. डॉक्टरने अंदाजाने इंजेक्शन दिलं. दुसऱ्या दिवशी दादाची मान एका बाजूला आखडली, जीभ जड झाली, आणि तेव्हा कुठे बाबांना आठवलं की हेच इंजेक्शन तीन वर्षांपूर्वीही त्याला सोसलं नव्हतं. डॉक्टरचा काय दोष? सांगायला आमच्याकडे कागदच नव्हता.

दादाला स्किझोफ्रेनिया आहे, पंधरा वर्षं होऊन गेली. एवढ्या वर्षांत सातारा-पुणे एसटीने जितक्या फेऱ्या झाल्या त्यातल्या निम्म्या तरी फुकट गेल्या असतील, कारण कुठल्या खिडकीवर काय मागायचं हेच माहीत नव्हतं. ते इथे क्रमाने लिहिते. एक गोष्ट आधीच सांगते : खालची जवळजवळ सगळी कामं माणूस बरा असतानाच होतात. आजार उसळला की नुसती धावपळ होते. आणि माणूस सावरला की घर इतकं दमलेलं असतं की फाइलचं नावसुद्धा कुणाला काढायचं नसतं. "आता कशाला तो विषय?" हे वाक्य आमच्या घरी फार वेळा बोललं गेलं.

दोन शब्द ओळखीचे करून घ्या. मराठी स्वमदत गटांत आजार असलेल्या माणसाला 'शुभार्थी' आणि सांभाळणाऱ्याला 'शुभंकर' म्हणतात. पहिल्यांदा ऐकताना जरा गोडगोड वाटतात. पण "आमचा पेशंट" म्हणण्यापेक्षा बरे, आणि दादालाही 'पेशंट' म्हटलेलं आवडत नाही.

१. आधी फाइल

प्लास्टिकची, बटण असलेली फाइल घ्या आणि दारातून बाहेर पडताना हाताला लागेल अशा जागी ठेवा. आत काय हवं?

– पहिल्या पानावर तुमच्या हाताने लिहिलेला एक कागद : आजाराचं नाव, आजार कधी सुरू झाला, सध्याची औषधं (गोळीचं मूळ नाव, मिलिग्रॅम, वेळ), कोणतं औषध सोसलं नाही आणि तेव्हा काय झालं, डॉक्टरांचं नाव.
– सगळे केसपेपर आणि चिठ्ठ्या, तारखेच्या क्रमाने.
– प्रत्येक भरतीचं डिस्चार्ज कार्ड.
– रक्ताचे रिपोर्ट. लिथियम किंवा क्लोझापिन चालू असेल तर हे फार महत्त्वाचे, कारण त्या औषधांवर रक्ताची तपासणी नेमाने करावी लागते.
– आधार, रेशनकार्ड, बँक पासबुक यांच्या प्रती आणि सहा फोटो.

गोळीचं मूळ नाव म्हणजे रिस्पेरिडोन, ओलान्झापिन असं. कंपनीचं नाव गावागणिक बदलतं. आमच्या मेडिकलवाल्याकडे मिळणारी कंपनी पुण्यात मिळेना, तेव्हा दोन दिवस गोळी चुकली होती.

जुने कागद हरवले असतील तर रुग्णालयाकडे लेखी मागा. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ प्रमाणे स्वतःच्या उपचाराची कागदपत्रं मिळणं हा रुग्णाचा हक्क आहे. अर्ज त्याच्या सहीने करा.

२. डॉक्टर कुठे शोधायचा

खाजगी मानसोपचारतज्ज्ञ परवडत असेल तर प्रश्न नाही. पण हा आजार बहुतेकदा वर्षानुवर्षं चालतो, आणि पहिल्या दोन वर्षांत दागिने मोडलेली घरं मी पाहिली आहेत. म्हणून सरकारी वाट पहिल्यापासून माहीत असू द्या. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ पासून आहे. त्यामुळे जिल्हा रुग्णालयात, म्हणजे आपल्या सिव्हिलमध्ये, मानसोपचाराची ओपीडी असते आणि नेहमीची औषधं तिथे मिळतात. जाण्याआधी ओपीडीचे वार विचारून घ्या.

भरतीची मोठी सोय राज्याच्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांत आहे : ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. गोव्यातल्या मंडळींसाठी बांबोळीचं सरकारी मनोरुग्णालय, आयपीएचबी. 'येरवडा' म्हटलं की आमच्याकडे अजूनही आवाज खाली जातो. पण तिथेही बाह्यरुग्ण विभाग आहे, माणसं सकाळी जाऊन दुपारी गोळ्या घेऊन परत येतात.

कुणाशी नुसतं बोलायचं असेल तर टेली-मानस : १४४१६. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. चोवीस तास, विनाशुल्क, मराठीतही. शुभंकरांनी स्वतःसाठी फोन केला तरी चालतो.

अंगारा, बाहेरचं, लग्न लावून द्या वगैरे सल्ले येतीलच. देवाला जायचं तर जा, गोळी घेऊन जा. लग्नाचं मात्र ऐकू नका.

३. तो कुणावर विश्वास ठेवतो, ते कागदावर आणा

हे काम कुणीच करत नाही, आणि मला विचाराल तर याच्यासारखं मोलाचं दुसरं नाही.

२०१७ चा कायदा (लागू झाला २९ मे २०१८ पासून) असं धरून चालतो की मनोविकार असलेल्या माणसालाही स्वतःच्या उपचाराबद्दल ठरवता येतं. गरज लागली तर त्याला आधार द्यायचा. त्यासाठी दोन सोयी आहेत.

नामनिर्देशित प्रतिनिधी. कोणत्याही सज्ञान व्यक्तीला शुभार्थी आपला प्रतिनिधी नेमू शकतो. साध्या कागदावर लिहून सही किंवा अंगठा, एवढंच. स्टॅम्पपेपर लागत नाही. हवा तेव्हा बदलताही येतो. नेमलाच नसेल तर कायद्याच्या क्रमाने नातेवाईक, मग सांभाळणारा असं ठरतं. मग वॉर्डाच्या दारात काका आणि मामा भांडतात.

आगाऊ निर्देश. मी आजारी पडलो तर मला कोणते उपचार चालतील, कोणते नकोत, हे बरा असताना लिहून ठेवणं. त्याची नोंद कशी करायची ते मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडून (रुग्णांच्या हक्कांसाठी याच कायद्याने नेमलेलं मंडळ) समजून घ्या. तातडीच्या उपचारांना मात्र हा निर्देश लागू होत नाही.

मी दादाला विचारलं तेव्हा मला वाटलं होतं, तो माझं नाव घेईल. त्याने आमच्या थोरल्या मावसभावाचं घेतलं. दोन दिवस मला राग होता. मग त्यानेच कारण सांगितलं, "तू घाबरतेस. तो घाबरत नाही." खरं होतं.

इथला सापळा : घरचे लोक मजकूर स्वतः लिहितात आणि त्याची फक्त सही घेतात. तो कागद वेळेला टिकत नाही, कारण भरतीच्या वेळी डॉक्टर त्यालाच विचारतात आणि तो म्हणतो, "मी नाही लिहिलं."

४. आजार उसळला तर

माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करेल अशी वेळ आली तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर, मानसोपचारतज्ज्ञ नसला तरी, तातडीचा उपचार देऊ शकतो, घरीसुद्धा. ही मुभा जास्तीत जास्त ७२ तासांची. त्यात शॉक ट्रीटमेंट देता येत नाही. म्हणून गावातल्या फॅमिली डॉक्टरांना आजाराची कल्पना आधीच देऊन ठेवा. लपवाछपवीत त्यांनाच अंधारात ठेवण्याचा मूर्खपणा आम्ही चार वर्षं केला.

पोलिसांची गरज पडली तर ११२. भरकटलेल्या मनोरुग्णाला जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत लवकरात लवकर, फार तर २४ तासांत नेणं हे पोलिसांचं कर्तव्य आहे, आणि त्याला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. माणूस घरातून निघून गेला असेल तर हरवल्याची तक्रार त्याच दिवशी द्या, "येईल संध्याकाळपर्यंत" म्हणत बसू नका. रस्त्यावर सापडलेल्यांना बरं करून घरी पोचवणारी कर्जतची श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन ही संस्था आहे. तिचे डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आत्महत्येचा प्रयत्न झाला असेल तर गुन्हा दाखल होईल या भीतीने रुग्णालय टाळू नका. असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच आताचा कायदा धरून चालतो. त्याला शिक्षा करायची नाही, उपचार द्यायचे, हीच शासनाची जबाबदारी.

आणि हे ठळक अक्षरात वाचा : गाडी पाठवून चार माणसांकरवी 'उचलून नेणारी' खाजगी केंद्रं. फोनवर गोड बोलतात, महिन्याचे पैसे आगाऊ घेतात, पहिले काही आठवडे भेटू देत नाहीत. मनोविकारांवर उपचार करणाऱ्या कोणत्याही केंद्राची राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी हवी. नोंदणी क्रमांक मागा. "भेटता येणार नाही" म्हणाले तर तिथून निघा. साखळदंडाने बांधणं कायद्याने बंद आहे, आणि भूल न देता शॉक देणंही.

५. भरतीचा फॉर्म वाचून सही करा

दोन प्रकार आहेत. शुभार्थी स्वतः राजी असेल तर तो 'स्वतंत्र रुग्ण' : स्वतःच्या सहीने भरती आणि स्वतःच्या इच्छेने सुटी. डॉक्टर फार तर २४ तास थांबवून तपासू शकतात. राजी नसेल आणि आजार तीव्र असेल तर प्रतिनिधीच्या अर्जावरून 'आधारासह' भरती, जास्तीत जास्त ३० दिवस. त्यासाठी दोन तज्ज्ञांनी वेगवेगळं तपासावं लागतं, आणि रुग्णालयाला पुनरावलोकन मंडळाला कळवावं लागतं : सात दिवसांत, बाई किंवा अल्पवयीन असेल तर तीन दिवसांत.

घाईत रुग्णालयं कधीकधी सगळ्यांनाच एका फॉर्मवर घेतात. तुम्ही कशावर सही करताय ते विचारा आणि फोटो काढून ठेवा. सुटीच्या वेळी पुढच्या औषधांची चिठ्ठी, फॉलोअपची तारीख आणि त्रास वाढला तर कुणाला फोन करायचा, या तीन गोष्टी हातात पडल्याशिवाय रिक्षात बसू नका.

६. दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड

यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र. पुष्कळ घरांत हे नकोच असतं. "कायमचा शिक्का बसेल." आमच्या बाबांनी तीन वर्षं अडवून धरलं. निर्णय शुभार्थीचा, पण माहिती पूर्ण असू द्या : दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधल्या २१ प्रकारांत मानसिक आजार आहे, आणि बहुतेक योजनांना किमान ४० टक्के लागतात. कार्ड कुणाला दाखवायचं ते आपल्या हातात असतं.

अर्ज स्वावलंबन कार्डच्या सरकारी संकेतस्थळावर करायचा. लागतं : आधार, फोटो, सही किंवा अंगठा, पत्त्याचा पुरावा आणि उपचाराचे कागद (पहिल्या पायरीची फाइल!). मग जिल्हा रुग्णालयात ठरलेल्या वारी तपासणी.

तपासणी कशी होते हे कुणी सांगत नाही, म्हणून सविस्तर लिहिते. मानसिक आजारासाठी 'आयडियाज' नावाची मोजपट्टी वापरतात. चार गोष्टी बघतात : स्वतःची निगा, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम. प्रत्येकीला ० ते ४ गुण. शिवाय आजार किती वर्षांचा त्याचे गुण. एकूण २० पैकी ७ किंवा जास्त झाले की ४० टक्क्यांच्या वर.

आता आमची फजिती. पहिल्या खेपेला आईने दादाला इस्त्रीचा शर्ट घातला, भांग पाडून दिला. डॉक्टरांनी विचारलं, "आंघोळ स्वतः करतो?" आई म्हणाली, "हो तर!" करतो खरा, पण तीनदा हाक मारल्यावर, पाणी काढून दिल्यावर, कपडे समोर ठेवल्यावर. चारचौघांत पोराचं उणं सांगायचं नाही ही तिची सवय, आणि प्रमाणपत्र आलं ४० च्या खाली. दुसऱ्या खेपेला मी आठवडाभर वही ठेवली : किती वेळा सांगावं लागलं, किती दिवस घराबाहेर पाऊल टाकलं नाही, पैशाचा हिशोब कुठे चुकला. काहीही फुगवलं नाही. फक्त मदतीशिवाय काय होतं, ते लिहिलं. वही आधी दादाला वाचायला दिली. दोन नोंदी त्याने खोडल्या, एक वाढवली.

सापळे आणखी :

– ऑनलाइन फॉर्ममध्ये 'बौद्धिक अक्षमता' आणि 'मानसिक आजार' हे वेगळे पर्याय आहेत. सेतूवाला घाईत पहिल्यावर टिक करतो. चुकीचा प्रकार छापला गेला की दुरुस्तीला नव्याने हेलपाटे.
– प्रमाणपत्र तात्पुरतं असेल तर मुदत संपण्याआधी पुन्हा तपासणी. तारीख फाइलवर मार्करने लिहा.
– एजंटला पैसे देऊ नका. त्याला तपासणीच्या खोलीत जाता येत नाही.
– निरामय विमा आणि राष्ट्रीय न्यासाचं पालकत्व फक्त स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठी आहे, मनोविकारासाठी नाही. त्या रांगेत आमचा एक अख्खा दिवस गेला.

७. पैशाची बाजू

संजय गांधी निराधार अनुदान योजना : अर्ज तहसील कार्यालयाच्या संजय गांधी शाखेत किंवा सेतूत. दिव्यांग प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा पुरावा, रेशनकार्ड, आधार जोडलेलं बँक खातं. रक्कम आणि उत्पन्नाची मर्यादा शासन निर्णयाने बदलत असते, म्हणून शेजाऱ्याने सांगितलेल्या आकड्यावर विसंबू नका. हयातीचा दाखला चुकला की अनुदान गुपचूप बंद होतं.

आई किंवा वडील सरकारी नोकरीतले असतील तर हे आजच बघा : कमावू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं. आईवडील हयात असताना त्याचं नाव आणि प्रमाणपत्र पेन्शनच्या कागदांत नोंदवून घेतलं तर पुढचा वनवास टळतो.

आरोग्य विमा : मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यावं, असं कायदा सांगतो. पॉलिसी घेताना आजार लपवू नका. दावा तिथेच अडकतो. आधीपासूनच्या आजारासाठी प्रतीक्षा काळ असतो, आणि रोजच्या गोळ्या, ओपीडी बहुधा बसत नाही. दावा "मानसिक आजार आहे" एवढ्याच कारणाने नाकारला तर कंपनीकडे लेखी तक्रार, मग विमा लोकपाल. पुण्यात आणि मुंबईत दोन्हीकडे कार्यालय आहे.

"आमच्यामागे याचं काय" याचं उत्तर एका फॉर्ममध्ये मिळत नाही. २०१७ च्या कायद्यात मालमत्तेसाठी पालक नेमायची तरतूद नाही. मृत्युपत्र किंवा खाजगी न्यास यासाठी वकील गाठा, आईबाबा धडधाकट असतानाच.

८. नोकरी असेल तर

सरकारी नोकरीत असताना आजार झाला तर कुणाच्याही सांगण्यावरून राजीनामा लिहून देऊ नका. सेवेत असताना दिव्यांगत्व आलं म्हणून सरकारी आस्थापनेला कर्मचाऱ्याला काढता येत नाही की खालच्या पदावर नेता येत नाही. जमत नसेल तर त्याच वेतनावर दुसरं काम द्यावं लागतं (२०१६ च्या अधिनियमाचं कलम २०). रजेचे अर्ज मात्र वेळेत हवेत. न सांगता गैरहजर राहिला की प्रकरण शिस्तभंगाचं होतं, आणि आजाराचा मुद्दा मागे पडतो.

सरकारी भरतीतल्या ४ टक्के दिव्यांग आरक्षणात मनोविकाराचाही वाटा आहे. यूडीआयडी कार्ड इथे कामाला येतं.

९. तक्रार आणि वकील

रुग्णालयात वागणूक वाईट मिळाली तर आधी तिथल्या प्रमुखांना लेखी द्या, पोच घ्या. मग पुनरावलोकन मंडळ, मग राज्य प्राधिकरण. दिव्यांग व्यक्तीला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, फोन १५१००. तक्रारीत रागाचे दोन परिच्छेद लिहू नका, तारीख-वेळ-घटना एवढंच लिहा. माझ्या पहिल्या तक्रारीला उत्तरच आलं नाही. आता पुन्हा वाचली तर कळतं, त्यात तारीखच नव्हती.

१०. स्वमदत गट

हे शेवटी लिहिलंय म्हणून शेवटी करू नका. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन, म्हणजे 'सा', १९९७ पासून आहे. कॅनडात प्राध्यापक असलेल्या डॉ. जगन्नाथ वाणींनी ती सुरू केली. ठाण्यात मानसोपचारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णींची आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) १९९० पासून. तुमच्या गावात काहीच नसेल तर सिव्हिलच्या ओपीडीतल्या समाजसेवा अधीक्षकांना विचारा. बाकड्यावर बसलेली पाच घरं एकमेकांना फोन नंबर देतात तेव्हाही गट तयार होतो. आमच्याकडचा तसाच झाला.

पहिल्या बैठकीत मी तोंड उघडलं नाही. शेजारच्या काकूंनी विचारलं, "तुमचा किती वर्षांचा?" मी वय सांगितलं. त्या म्हणाल्या, "तो नाही हो, आजार." मग आम्ही दोघी हसलो. डोस चुकवल्यावर कसं बोलायचं, लग्नकार्यात नातेवाइकांना काय सांगायचं, सिगारेटचे पैसे किती द्यायचे, या प्रश्नांची उत्तरं मला कुठल्याच ओपीडीत मिळाली नव्हती. ती इथे मिळाली.

शुभार्थींची बैठक वेगळी असेल तर त्याला एकट्याला जाऊ द्या, दाराशी थांबू नका. दादा आता महिन्याच्या त्या रविवारी माझ्याआधी तयार होऊन बसतो. कारण विचारलं तर म्हणतो, तिथे चहा दोनदा मिळतो.